पत्तीएवढा कल

भादवा लागला की सकाळच्या बसमध्ये मी नदीच्या बाजूची खिडकी धरते. भाताच्या बांध्यांमधला लवकर येणारा हलका धान निसवायला, लोंब्या टाकायला, आलेला असतो आणि त्याचा दुधाळ, ओलसर वास पुलाच्या अलीकडच्या वळणावर बसमध्ये शिरतो. मग पूल येतो. वैनगंगा ओलांडायला बसला फार तर हजेरीपट उघडून मिटण्याइतका वेळ लागतो. तेवढ्या वेळात डाव्या हाताला खाली जुना घाट दिसतो, आणि घाटावर पालथी घातलेली डोमाभाऊंची नाव. तिच्या पाठीवर यंदा कुणीतरी कारल्याचा वेल चढवला आहे.

यंदा अब्बा नाहीत. वैशाखात गेले.

त्यांच्या दुकानातलं बरंच सामान ज्याच्या कामाचं होतं त्याने नेलं. माझ्याकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा राहिला. त्यात पातळ पत्र्याचे कापलेले तुकडे आहेत, शंभरेक तरी. काही तुपाच्या डब्यातून कापलेले, काही सायकलच्या मडगार्डमधून, काही छापखान्यातून टाकून दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून. त्यांवर अजून लग्नपत्रिकेची अक्षरं पुसट दिसतात. अब्बा या तुकड्यांना शिम म्हणत. डोमाभाऊ पत्ती म्हणत. पंप असो, गिरणी असो, दोन लोखंडं एकमेकांवर बसवली की ती क्वचितच सरळ बसतात. मग एका कडेखाली नखाएवढ्या जाडीचं काहीतरी सरकवावं लागतं. अब्बांचं निम्मं आयुष्य ते नखाएवढं शोधण्यात गेलं. राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणींतले पंप दुरुस्त करता करता ते हे शिकले, आणि गडचिरोलीत बसस्टँडमागे दुकान टाकल्यावरही लोक त्यांच्याकडे येत ते बहुधा याच कारणाने. इंजिन सगळेच चालू करत. ते थरथरेनासं करायला मिस्त्री, म्हणजे अब्बाच, लागत.

मी सांगते आहे तो जुना भादवा मात्र अब्बांचा आणि माझा आहे. मी तेवीस वर्षांची होते. बी.एड. होऊन घरी बसले होते. पोळा झाला, आणि चार दिवसांनी नदीपलीकडच्या एका शाळेचं पत्र आलं. मराठीची शिक्षिका हवी होती. पंधरा दिवसांत रुजू व्हावं, न झाल्यास नेमणूक रद्द समजावी, असं खाली टंकलेलं होतं. ती ओळ मला आजही पाठ आहे.

अम्मी म्हणाली, "नदी?" एवढंच. त्या घाटावर तेव्हा पूल नव्हता. फिरून जायचं तर दोन बस बदलून अर्धा दिवस जाई, आणि परत यायला उरलेला. नावेनेच जायचं होतं, रोज, सकाळ-संध्याकाळ. पलीकडे राहायला खोली मिळणार नव्हती. मिळाली असती तरी एकट्या मुलीला तिथे ठेवायला आमच्या घरात कुणी तयार झालं नसतं.

अब्बांनी पत्र हातात घेतलं. त्यांना मराठी वाचायला अडखळायला होई, पण ती शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "पहले नाव देखूँगा."

नाव ढिवरांच्या डोमाभाऊंची होती. त्यांचे वडील, आजे बांबूने रेटत नाव चालवायचे. पण भादव्यात नदीला पाणी इतकं असतं की बांबू तळाला लागत नाही. म्हणून डोमाभाऊंनी त्या वर्षी लिलावातलं एक जुनं इंजिन आणलं होतं, नावेच्या मागे टांगायचं. त्याचा एक लांब लोखंडी पाय पाण्यात उतरायचा आणि पायाच्या टोकाला पंखा. नावेच्या मागच्या फळीला एक जाड प्लेट चार बोल्टांनी कसायची आणि तिच्यावर हे इंजिन बसायचं. प्लेट ज्या कलाने बसेल त्या कलाने पाय पाण्यात उतरणार, आणि पाय जसा उतरेल तशी सबंध नाव चालणार. प्लेटच्या वरच्या कडेमागे पत्ती घातली की पाय नावेकडे आत वळतो आणि नावेचं नाक खाली दबतं. खालच्या कडेमागे घातली की पाय मागे सरतो आणि नाक वर उठतं. अब्बांनी मला हे चहाच्या बशीला चमचा लावून दाखवलं होतं. "पत्ती इतनीसी," ते म्हणाले, "और बारा हाथ की नाव उसकी सुनती है."

पहिल्या दिवशी त्यांनी नाव काठाशी उभी करून, बुडबुड्याची पाणसळ लावून प्लेट बसवली. नाव रिकामी होती. ते आणि डोमाभाऊ, दोघंच काठावर. डोमाभाऊ एकटे एक फेरी मारून आले. नाव सुतासारखी सरळ गेली आणि सरळ आली. अब्बांनी कापडाने हात पुसले, आणि त्या रात्री जेवताना अम्मीला सांगितलं, "जाने दो उसको."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचा बाजार होता हे आमच्या लक्षातच आलं नाही.

मी नेमणुकीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलं होतं. नावेत पंधरा-सोळा माणसं असतील. टोपल्या, मिरच्यांची पोती, एका म्हातारीच्या झाकलेल्या डालीत कोंबड्या. सगळी माणसं मागच्या निम्म्या नावेत दाटीवाटीने बसली होती. पुढे जागाच जागा होती. मी पुढे जायला उठले तर कोंबड्यांच्या म्हातारीने पदर ओढून मला खाली बसवलं. "इथीच बस वो बाई."

काठ सुटला तसं नावेचं नाक वर उठायला लागलं. मला आधी मौज वाटली. मग समोरचा काठ दिसेनासा झाला; नुसतं ओलं, काळं लाकूड आणि त्याच्या वर आभाळ. मध्यावर आलो तेव्हा वाऱ्याने ते उठलेलं नाक एखाद्या सुपासारखं धरलं आणि बाजूला ढकललं. नाव धारेला आडवी झाली. मागच्या फळीवरून पाणी आत आलं, घोट्याएवढं, मग पोटऱ्यांएवढं. कुणी ओरडलं नाही, हे मला आठवतं. सगळे आपापली पोती घट्ट धरून बसले होते. डोमाभाऊंनी इंजिन बंद केलं, दोन माणसांनी वल्ही घेतली, आणि धारेने आम्हाला खाली नेऊन अलीकडच्याच काठाला एका वाळूच्या पट्ट्यावर लावलं. डाल उलटली होती. दोन कोंबड्या गेल्या. म्हातारी पाण्याकडे बघत म्हणाली, "जाऊ दे. तिनं घेतल्या."

अब्बा घाटावरून पळत आले होते. चप्पल कुठेतरी राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नावेकडे पाहिलं, आणि घाटावर टाकलेली सायकल घ्यायला परत वळले. वाटेत सायकलवर मागे बसून मी पत्र बाहेर काढलं. पिशवीत पाणी शिरलं होतं. शाईचा शिक्का पसरून एखाद्या निळ्या ढगासारखा झाला होता. पंधरांपैकी पाच दिवस उरले होते.

"नौकरी का क्या है," अम्मी म्हणाली. अब्बांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती शरम होती. एवढं मोजमाप करणारा माणूस आणि मापच चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा घाटावर गेले. मीही गेले. मला कुणी चल म्हणालं नव्हतं, नकोही म्हणालं नव्हतं. डोमाभाऊ नावेतलं पाणी उपसत होते.

"डोमाभाऊ," अब्बा म्हणाले, "हे लोक पुढं काऊन नाई बसत?"

डोमाभाऊंनी उपसणं थांबवलं. "पुढं? पुढं कसं बसतीन मिस्त्री? ते जागा तिची हाय."

नावेच्या नाकाशी कुंकू होतं. ते पुसट होतं, म्हणून आदल्या दिवशी मला दिसलं नव्हतं. नाव पहिल्यांदा पाण्यात घालताना तिथे नारळ फुटतो. पुढची हातभर जागा नदीची. तिथे कुणी बसत नाही, पाय ठेवत नाही. कोंबडीची डालसुद्धा ठेवत नाही. आणि त्या हातभर जागेला आपला धक्का नको म्हणून लोक आणखी दोन हात मागे सरकतात. मोकळी जागा अशी वाढत वाढत निम्म्या नावेएवढी होते. आमच्या घरी नाव ही नाव होती. अब्बांनी रिकाम्या नावेवर पाणसळ लावली होती. त्या नावेत माणसं कुठे बसतात हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

घाटावर एक पेन्शनर मास्तर बसले होते. ते म्हणाले, "अरे मिस्त्री, लोकाईले समजून सांगा ना. वजन सारखं वाटून बसा म्हणा. सायन्स हाय हे."

अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या कुंकवाकडे. "लोकं जिथं बसतात तिथंच बसतीन, मास्तर," ते म्हणाले. "मी इंजिन हलवतो. मले त्याचे बोल्ट मालूम हायेत."

पुढचे तीन दिवस ते दुकानात गेलेच नाहीत.

त्या तिसऱ्या दिवसाची दुपार मला कुठल्याही सणापेक्षा जास्त स्पष्ट आठवते. अब्बांनी डोमाभाऊंकडून निरोप धाडला होता की ज्यांना बाजाराला जायचं असतं त्यांनी आज यावं, बाजाराला जाताना जे नेतात ते घेऊन यावं, आणि जिथे बसतात तिथे बसावं. लोक खरंच आले. बाजार नसताना बाजाराच्या कपड्यांत. मिरच्यांच्या पोत्यात भुसा भरून आले. कोंबड्यांच्या म्हातारीने डालीत दोन वरवंटे ठेवले होते.

"मिस्त्री, आज बाजार कुठी हाय?" एकाने विचारलं.

"पाण्यात," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी माह्या कोंबड्या गेल्या ना, त्याईनंच भरवला."

नाव भरून सुटायची. अब्बा नावेत बसत नसत. ते काठावर उभे राहत, डोळ्यांवर हात धरून, आणि नुसतं नावेचं नाक आणि त्याखालची पाण्याची रेघ बघत. मी विचारलं, आत बसून का नाही बघत? म्हणाले, "अंदरवाले को झुकाव नहीं दिखता, बेटा. वो तो खुद टेढ़ा बैठा है." नाव परत यायची. ते गुडघाभर पाण्यात उतरून बोल्ट सैल करायचे, वरच्या कडेमागे एक पत्ती सरकवायचे, बोल्ट कसायचे. पुन्हा फेरी. दोन पत्त्या. पुन्हा फेरी. तीन पत्त्यांना नाक पाण्यात घुसायला लागलं तेव्हा त्यांनी तिसरी काढली, दगडावर ठेवून कानसीने निम्मी केली आणि परत घातली. लोक कंटाळले, भांडले, पोत्यांवर टेकून झोपले. एक बाई म्हणाली, "इतक्या फेऱ्यात तं मी सासरहून माहेरले जाऊन आली असती." अडीच पत्त्यांवर नाव सरळ गेली. नाकाखालून पाणी दोन्हीकडे सारखं फाटत गेलं, आणि काठावरून मला पहिल्यांदा ते कुंकू उन्हात दिसलं, लख्ख समोर.

मला वाटलं, झालं. पण अब्बांचं समाधान नव्हतं. रोज सकाळच्या पहिल्या फेरीला बाजार नसतो, चार-पाच माणसं असतात. एवढ्या थोड्या माणसांत एकेकाचं वजन नावेला कळतं. "तू कहाँ बैठेगी?" त्यांनी विचारलं. डोमाभाऊंनी जागा दाखवली: नदीच्या हातभर जागेच्या मागे, दुसऱ्या फळीवर. गावाने बाईंनी तेवढं पुढे बसायला हरकत घेतली नाही. मास्तरीणबाई म्हणजे पुस्तकं, पुस्तकं म्हणजे सरस्वती, ती नदीला चालते, असा काहीसा निवाडा त्या म्हातारीनेच दिला. मी कुणाची कोण, हे तिने विचारलं नाही.

मग अब्बा मला घाटावरच्या धानाच्या गोदामात घेऊन गेले आणि त्यांनी मला पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. वर पुस्तकांची पिशवीही माझ्या हातात दिली. हमाल हसत होते.

"काऊन मिस्त्री, पोरगी तोलून देता का नदीले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काटा बेचाळीसवर थांबला. अब्बांनी तो आकडा मान वाकवून नीट वाचला, कुणाच्याही हसण्याकडे लक्ष न देता, आणि मला खाली उतरवलं. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. रात्री मी अम्मीला म्हणाले, "मला बाजारात उभं केलं त्यांनी." ते पलीकडच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार.

शेवटच्या दिवशी मी रुजू झाले. पसरलेला शिक्का बघून मुख्याध्यापकांनी पत्र उजेडाकडे धरलं, मग माझ्या कोरड्या साडीकडे पाहिलं आणि सही केली. संध्याकाळी परत आले तेव्हा अब्बा घाटावर सायकल धरून उभे होते. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं ते एवढंच: "नाक कैसी थी?"

"सीधी," मी म्हणाले.

त्या नावेने मी अकरा वर्षं गेले-आले. दुसऱ्या फळीवर. धान निसवताना, धान पिवळा पडताना, कापणीनंतर बांध्या उघड्या पडलेल्या असताना. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चपला हातात घेऊन चालतही गेले. किती मुलांना वाचायला शिकवलं ते सांगता येणार नाही, पण त्यांतली बहुतेक मला "नावंवाल्या बाई" म्हणत. अब्बांनी त्या अकरा वर्षांत एकदाही त्या नावेत पाय ठेवला नाही. काठावरून मात्र कितीदा तरी पाहिलं. आणि रोज सकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "आज जा रही है ना?" ताप असो, ईद असो, शाळेला सुट्टी असो, हा प्रश्न ठरलेला. उत्तर ऐकून ते दुकानात जाताना घाटाकडे जाणाऱ्या कुणालातरी गाठून काहीतरी सांगत. मला वाटे, डोमाभाऊंनी थांबावं की नाही ते. मला त्या प्रश्नाचा कंटाळा यायचा. काट्याची ती दुपार मी तोवर विसरलेही होते. विसरले नव्हते, पण काढत नव्हते.

मग पूल झाला. पूल चांगला आहे. बाळंतिणी आता वेळेवर दवाखान्यात पोचतात. मी त्याच्याविरुद्ध काही बोलणार नाही.

शेवटच्या महिन्यात अब्बांना आडवं झोपलं की श्वास घेता येत नसे. डॉक्टरांनी पलंगाची उशाची बाजू उचलून घ्यायला सांगितलं. मी पलंगाच्या त्या पायांखाली विटा घातल्या. अब्बा पायथ्याकडे घसरले. एक वीट काढली, श्वास अडकला. मी लाकडाच्या फळ्या आणल्या, जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणले, एकेक सरकवत गेले. ते डोळे मिटून पडले होते. हाताची दोन बोटं तेवढी उचलायचे: अजून, थांब. एका पुठ्ठ्यावर त्यांची बोटं खाली टेकली. "बस," म्हणाले. मी दारापर्यंत मागे जाऊन पाहिलं. पलंग तिरका दिसत होता आणि ते सरळ दिसत होते.

परवा डोमाभाऊ आले. त्यांना उशिरा कळलं. सिंदेवाहीला मुलीकडे होते, तिचा नवरा तिथल्या धान संशोधन केंद्रात रोजंदारीवर आहे. पुलावरून बसने आले. आता नीट दिसत नाही त्यांना. दाराशीच बसले, पाणी प्यायले.

"तुमची वस्तू होती माह्यापाशी," ते म्हणाले. कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी एक पत्ती माझ्या हातावर ठेवली. कडा कानसीने गोल केलेल्या, बोटाला लागू नयेत म्हणून. बाजूला बोल्टात अडकवायला खाच.

"ही कसली?"

"तुमच्या जागंची. ज्या दिवशी तुम्ही येत नव्हत्या ना बाई, त्या दिवशी पुढचं वजन कमी पडे. नाक उठे. मंग हे वरच्या कडंमागं घालाची, का नाव सरळ. मिस्त्रीनं करून देल्ली होती, पयल्याच दिवशी. रोज सकाळी निरोप यायचा, आज बाई हाय का पत्ती हाय." ते किंचित हसले. "तुमाले नाई सांगतलं. म्हणे, पोरगी आधीच रागावली हाय माह्यावर."

मी पत्ती खिडकीशी नेली. एका बाजूला खिळ्याने काहीतरी ओरखडलेलं होतं. उर्दू आकडे. चार आणि दोन.

मला वाचता यायला वेळ लागला. डोळ्यांमुळे.

"डोमाभाऊ," मी म्हणाले, "आणि अब्बांच्या जागेची?"

त्यांनी खरंच विचार केला. आठवून पाहिलं. मग मान हलवली. "त्याईची कुठून असन बाई. ते कधी बसलेच नाई ना नावंत."

ते गेल्यावर मी अब्बांच्या खोलीत गेले. वैशाखापासून पलंग तसाच होता, उशाकडून उचललेला. एकेक पुठ्ठा काढला. फळ्या काढल्या. विटा काढल्या. पलंग जमिनीला टेकला तेव्हा हलकासा आवाज झाला. मग मी दारापर्यंत मागे गेले आणि डोळ्यांवर हात धरून, ते काठावर उभे राहत तशी, त्या रिकाम्या पलंगाचा कल बघत उभी राहिले.